पन्हळीतला पाचोळा

जॅक लंडनच्या 'वुल्फ हाउस'चे भग्नावशेष पाहून परतणारा साहित्याचा विद्यार्थी बहुधा एखादे रूपक घेऊन परततो. आम्हीही आणले होते. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा खोऱ्यात, ग्लेन एलन या गावाच्या वरच्या अंगाला, रेडवुडच्या गर्द सावलीत त्या घराच्या दगडी भिंती आणि आकाशाकडे तोंड केलेली धुराडी अजून उभी आहेत. सव्वीस खोल्या, नऊ शेकोट्या, ज्वालामुखीचा दगड आणि साल न काढलेले रेडवुडचे ओंडके. लंडन आणि त्याची पत्नी चार्मियन तिथे राहायला जाण्याच्या बेतात असताना २२ ऑगस्ट १९१३ च्या रात्री ते घर जळाले. पुढे तीनच वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, त्याच रँचवरच्या साध्या लाकडी बंगलीत लंडन वारला. वय अवघे चाळीस. समाजवादाचा पुरस्कार करणारा लेखक, लेखणीच्या कमाईवर उभारलेला त्याचा महाल आणि एका रात्रीत झालेली राख. शोकांतिकेला आणखी काय लागते?

आग कोणी लावली याविषयी अनेक तर्क झाले. नाराज मजुरांपासून हितशत्रूंपर्यंत सर्वांवर संशय घेऊन झाला. १९९५ साली अग्नितज्ज्ञांच्या एका पथकाने ते अवशेष बारकाईने तपासले आणि निष्कर्ष काढला तो असा, की लाकडाला जवसाचे तेल चोळणाऱ्या कारागिरांनी तेलात भिजलेल्या चिंध्या तिथेच टाकल्या असाव्यात आणि उन्हाळ्याच्या त्या गरम रात्री त्या आपोआप तापून पेटल्या असाव्यात. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा आमचा चक्क विरस झाला. इतक्या मोठ्या शोकांतिकेचा शेवट चिंध्यांत व्हावा हे आमच्या वाङ्मयीन मनाला रुचले नाही. वर्गात आम्ही 'वुल्फ हाउस'चा विषय काढीत असू, पण चिंध्यांचा उल्लेख ओझरताच करीत असू.

हे सारे आठवण्याचे कारण निराळे आहे. त्याच खोऱ्यात, तिथून काही मैलांवर, एका जुन्या रँचवर आम्ही उभयता चार वर्षे भाड्याने राहत होतो. निमित्त शिकवण्याचे होते. पूर्वी जिथे गडी झोपत ती दोन खोल्यांची लांबट इमारत आमच्या वाट्याला आली होती. मुख्य घर अंगणापलीकडे. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले, संपूर्ण रेडवुडचे, तिन्ही बाजूंनी रुंद पडवी असलेले. घरमालकीणबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. घर त्यांच्या आजीच्या वेळचे. त्या आम्हाला पहिल्या नावाने हाक मारीत आणि आम्हीही त्यांना तसेच हाक मारावी असा त्यांचा आग्रह असे. तो आम्हाला कधी साधला नाही. आपसात बोलताना आम्ही त्यांना 'आजी'च म्हणत असू.

पडवीच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यावर एक वेलगुलाब होता. त्याचे खोड मनगटापेक्षा जाड होते आणि फांद्या खांबावरून चढून, पडवीचे छप्पर ओलांडून थेट वरच्या खिडकीपर्यंत गेल्या होत्या. एप्रिल-मे महिन्यांत घराची ती बाजू फिकट पिवळ्या फुलांनी झाकून जाई. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे छायाचित्र आम्ही तिथेच काढले आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आजींच्या विनंतीवरून घर पाहायला आले. त्यांनी पाऊण तास घराभोवती चक्कर मारली. बोलले फार थोडे. छपरावरची लाकडी कौले काढून पत्रा घाला. पोटमाळ्याच्या झरोक्यांना बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवा. पन्हळी स्वच्छ ठेवा. पडवीखाली ठेवलेले सरपण हलवा. आणि हा गुलाब काढा. शेवटच्या सूचनेपाशी आजी थबकल्या. हिरव्यागार फुलझाडाचा काय दोष, असा त्यांचा प्रश्न होता. त्या गृहस्थांनी हात घालून वरची पाने बाजूला केली आणि आतले दाखवले. आत कित्येक वर्षांच्या वाळलेल्या काटक्या, पक्ष्यांची जुनी घरटी आणि कोरडी पाने यांचा नुसता गठ्ठा होता.

आजींनी पत्रा घातला, जाळ्या बसवल्या, सरपण हलवले. गुलाबाविषयी मात्र त्यांनी आमचे मत विचारले. आता ते आठवले की संकोच वाटतो. आम्ही त्यांना जवळजवळ एक व्याख्यानच दिले. घर म्हणजे केवळ भिंती नव्हेत, काळाने त्याच्यावर जे लिहिले तेही घरच. गुलाब काढला तर हे घर वाचेल, पण मग वाचलेले घर हेच असेल का, वगैरे. लाकडी कौले गेल्याचे दुःखही आम्ही बोलून दाखवले. आजींनी ऐकून घेतले आणि गुलाब राहिला. आमच्या बोलण्यामुळेच राहिला असे म्हणणे कदाचित स्वतःला फाजील महत्त्व देणे होईल. त्यांनाही तो राहायलाच हवा होता. पण त्यांना निमित्त हवे होते आणि ते आम्ही पुरवले.

त्या गृहस्थांच्या थोडक्या सूचनांमागे किती अभ्यास आहे हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. वणवा म्हणजे ज्वाळांची भिंत, ती डोंगर उतरून येते आणि घर गिळते, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक जॅक कोहेन यांनी या चित्राला तडा दिला. कॅनडाच्या उत्तर भागात १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या प्रयोगांत जंगलाचा एक पट्टा शेंड्यापर्यंत पेटवून त्याच्यासमोर वेगवेगळ्या अंतरांवर लाकडी भिंती उभ्या केल्या होत्या. १० मीटरांवरच्या काही भिंती पेटल्या. २० आणि ३० मीटरांवरच्या पेटल्या नाहीत. मग घरे जळतात ती कशी? बहुतेक घरे ठिणग्यांनी जळतात. वाऱ्यावर मैलभर पुढे उडत आलेला निखारा पायपुसण्यावर पडतो, वेताच्या खुर्चीवर पडतो, झरोक्यातून पोटमाळ्यावर जातो, पन्हळीतल्या पाचोळ्यात बसतो. अनेकदा मुख्य वणवा पुढे निघून गेल्यावर तासादोनतासांनी घर पेटते; भोवतीची झाडे हिरवी राहतात आणि मधले घर तेवढे राख झालेले असते. कॅलिफोर्नियात घराभोवतीच्या १०० फुटांतले रान आटोक्यात ठेवण्याचा नियम २००५ पासून आहे आणि २०२० च्या कायद्याने भिंतीलगतच्या पहिल्या ५ फुटांचा निराळा विचार सुरू केला. आमचा गुलाब पहिल्या ५ इंचांत होता.

जुन्या वास्तूंच्या बाबतीत अडचण अशी, की वास्तूला जुनेपण देणाऱ्या बहुतेक गोष्टी उत्तम जळण असतात. लाकडी कौले, जाळीदार पडवी, तळघराचे उघडे झरोके, तेल पाजलेल्या फळ्या, भिंतीवर चढलेले वेल. आपण जुन्या घराकडे ज्या डोळ्यांनी पाहतो, त्यांना हेच आधी दिसते.

८ ऑक्टोबर २०१७ रविवार होता. संध्याकाळपासून ईशान्येचा कोरडा वारा सुटला होता. रात्री अकराच्या सुमारास धुराच्या वासाने आम्ही जागे झालो आणि बाहेर आलो तो दरीपलीकडच्या डोंगराची कड लाल झालेली. त्या रात्री उत्तर कॅलिफोर्नियात एकाच वेळी अनेक वणवे लागले. सांता रोझा शहरात घुसलेल्या टब्ज वणव्यात २२ माणसे गेली आणि ५,६०० हून अधिक इमारती जळाल्या. आमच्या खोऱ्यात पेटलेल्या वणव्याला पुढे नन्स हे नाव मिळाले. त्याने ५० हजारांहून अधिक एकर रान जाळले. हे आकडे नंतरचे. त्या क्षणी आम्हाला समोरची लाल कड आणि वाऱ्याचा आवाज एवढेच ठाऊक होते.

अंगणापलीकडे आजी दिवटीएवढा मोठा विजेरी दिवा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधीच पुतण्याला फोन केला होता. तो गावातून घोड्यांची गाडी घेऊन निघाला होता. त्या घर सोडणार नाहीत, अशी भीती आम्हाला वाटत होती. कादंबऱ्यांतल्या वृद्धा सोडत नाहीत. आजी म्हणाल्या, "घर माझ्या आजीचं आहे, पण गुडघे माझे आहेत. घोडे गाडीत चढले की मी निघणार. तोवर काय करता येईल ते करू या."

बाराच्या सुमारास वीज गेली आणि विहिरीचा पंप बंद पडला. वणव्यात पाणी कमी पडते याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला. विहिरीत पाणी होते, वर यायला मार्ग नव्हता. टेकाडावरच्या टाकीतून बागेच्या नळीला धार येत होती ती करंगळीएवढी. मग आम्ही पाण्याचा नाद सोडला आणि जे जळेल ते भिंतीपासून दूर न्यायला लागलो. पडवीतल्या वेताच्या खुर्च्या, उशा, पायपुसणी, केरसुण्या, कुंड्यांखालच्या लाकडी पाट्या. गॅसच्या टाकीची चावी बंद केली. खिडक्या लावून आतले पडदे काढले. शिडी लावून दक्षिणेकडची पन्हळ मुठीमुठीने साफ केली. दंताळ्याने भिंतीलगतचा पाचोळा ओढताना आमच्यापैकी एकाच्या तोंडून नकळत 'जाळरेषा' हा शब्द निघाला. मावळातल्या बालपणातला हा शब्द. उन्हाळा तोंडावर आला की वनखात्याची माणसे डोंगराच्या सोंडेवर गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवीत आणि वणवा लागलाच तर गावातली पोरे हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपायला धावत. भातखाचरांत राब भाजण्याची आग, जाळरेषेची आग आणि वणवा या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांनाही ते ठाऊक होते. गवत आणि झुडपे ठरावीक काळाने जाळून ते रान मोकळे राखीत. १८५० च्या कायद्याने त्यांना त्यासाठी शिक्षा ठरवून दिली. असो. त्या रात्री इतका विचार कोण करतो? आठवला तो एक शब्द.

राहता राहिला गुलाब. आम्ही त्याच्याकडे पाहत नव्हतो. पन्हळ झाली, पाचोळा झाला, तरी त्या कोपऱ्याकडे आमचे पाय वळेनात. शेवटी आजीच करवत घेऊन आल्या आणि वाकून बुंध्याशी बसल्या. काही बोलल्या नाहीत. ऐंशी वर्षांच्या बाईच्या हाताने करवत चालेना तेव्हा आमच्यापैकी एकाने ती घेतली. बुंधा कापायला फार वेळ लागला नाही. कठीण होते ते वरचे जाळे ओढून काढणे. काटे छपराच्या पत्र्यात, खांबांच्या नक्षीत, खिडकीच्या चौकटीत अडकले होते. हातमोजे एकच जोडी होती. आम्ही कोयत्याने तोडत, ओढत, पुन्हा तोडत तासभर त्याच्याशी झुंजलो. ओढलेल्या फांद्यांतून कोरड्या काड्यांचा पाऊस पडत होता. प्रत्येक हिसड्याला आमच्या व्याख्यानातले एकेक वाक्य आठवत होते. सगळा ढीग ओढत अंगणाच्या टोकाला, खडीच्या रस्त्यापलीकडे नेऊन टाकला तेव्हा आमचे हात कोपरापर्यंत रक्ताळले होते आणि पहाटेचे तीन वाजले होते.

तोवर राखेबरोबर निखारेही पडू लागले होते. प्रथम बोटाच्या पेराएवढे, मग झाडाच्या सालीचे जळते तुकडे. पुतण्याने घोडे चढवले, आजी पुढच्या आसनावर बसल्या. त्यांच्या मांडीवर एक बिस्किटांचा डबा होता. त्यात कागदपत्रे असावीत असे आम्हाला वाटले. पुढे कळले की त्यात खरोखरच बिस्किटे होती. आमच्या गाडीत आम्ही पुस्तके टाकली होती, तीही घाईत चुकीची: तीन शब्दकोश, आणि ज्यांच्या दुसऱ्या प्रती सहज मिळाल्या असत्या अशा कादंबऱ्या. टिपणवह्या मेजावरच राहिल्या.

पुढले दिवस एका ओळखीच्यांच्या दिवाणखान्यात बातम्या ऐकत गेले. लंडनच्या रँचवरच्या बंगलीतून आणि चार्मियनने बांधलेल्या, आता संग्रहालय असलेल्या घरातून वस्तू हलवल्याची बातमी आली. ती वास्तू बचावली. सांता रोझातले १८९९ चे गोल धान्यकोठार, नागासावा या जपानी द्राक्षबागायतदाराच्या काळाची आठवण, जळाले. खोऱ्याच्या आमच्याच भागात बूव्हरी नावाचे संरक्षित रान आहे. खाद्यविषयक ललित लेखनाला ज्यांनी वाङ्मयाचा दर्जा मिळवून दिला त्या एम. एफ. के. फिशर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९२ साली निधन होईपर्यंत तिथल्या एका लहानशा घरात राहिल्या. तिथल्या बऱ्याच इमारती गेल्या. कमानदार छतांचे ते घर राहिले. आम्ही प्रत्येक बातमीत काही संगती शोधत होतो. हे वाचले म्हणजे याला काही अर्थ आहे, ते गेले म्हणजे त्यालाही आहे. सवय जात नाही.

परतायला दोन आठवड्यांहून अधिक लागले. घर उभे होते. गोठा गेला होता. त्यात साठवलेले गवत होते, आणि गोठ्याचा आम्हा कोणालाच विचार सुचला नव्हता. आमच्या दोन खोल्या धुराने काळवंडल्या होत्या, पण होत्या. अंगणाच्या टोकाला टाकलेल्या गुलाबाच्या ढिगाच्या जागी पांढऱ्या राखेचे वर्तुळ होते. पडवीच्या फळ्यांवर काळे डाग पडले होते. आम्ही मोजले, अकरा होते. त्यांतले सात त्या दक्षिणेच्या कोपऱ्यात. एकेका डागापाशी एकेक निखारा पडला होता, त्याला भोवती खायला काही मिळाले नव्हते आणि तो फळीवरच विझला होता.

घर आम्ही वाचवले असे मानण्याचा मोह अर्थातच झाला. शेजाऱ्यांनी तो पुरता टिकू दिला नाही. त्यांच्या सांगण्यानुसार अग्निशमन दलाचा एक बंब तासभर तिथे थांबला होता, शिवाय तिसऱ्या दिवशी वारा पडला. आणि मग आजींनी आम्हाला उत्तरेकडे नेले. त्या बाजूची पन्हळ आम्ही साफ केलीच नव्हती. अंधारात, घाईत, साफ विसरलो होतो. शिडीवर चढून पाहिले तर आतला ओकचा पाचोळा हातभर लांबीचा जळून कोळसा झालेला आणि त्याच्या पुढे तसाच कोरडा, अख्खा. कशाने विझला कोण जाणे. वर पत्रा होता म्हणून आग आत शिरली नाही हे खरे. पण छपराच्या कडेची रेडवुडची फळी जेमतेम चार बोटांवर होती आणि तिच्यावर काजळीचा एक जिभेसारखा पट्टा उमटला होता. आम्ही शिडीवरून उतरलो तेव्हा आजी म्हणाल्या, "ही बाजू राहिली होती." बस, एवढेच. आमचे २०१६ चे व्याख्यान त्यांनी त्या दिवशी काढले नाही, नंतरही कधी नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये कापलेल्या बुंध्याला तांबूस कोंब फुटले. साहित्यिकाला यापरते काय हवे? आमच्यापैकी एकाने तसे म्हणायला तोंड उघडलेही होते. आजींनी पहार आणि फावडे आणून दिले. अर्धा दिवस खणून ते मूळ आम्ही बाहेर काढले आणि फाटकाजवळच्या खांबाशी, घरापासून चांगल्या सत्तर पावलांवर, लावले. त्या उन्हाळ्यात आम्ही ती जागा सोडली.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्सचा वणवा लागला आणि ७ तारखेला विल रॉजर्सचे रँचवरचे घर जळाले. गुराखी, दोरीचे खेळ करणारा, नट, आणि ज्याचे वर्तमानपत्री स्तंभ लक्षावधी लोक वाचत असा हा विनोदकार १९३५ साली अलास्कात विमान अपघातात गेला. त्याच्या पत्नीच्या पश्चात १९४४ पासून ते घर राज्याच्या उद्यानाचा भाग होते. एकतीस खोल्या, लाकडी. घोडे आणि काही चित्रे, वस्तू वेळेत हलवता आल्या. बातमीत जे छायाचित्र होते त्यात दगडी धुराडे तेवढे उभे होते, आणि ते पाहताच आमच्या मनात 'वुल्फ हाउस' आले. त्यापुढची वाक्येही आपसूक तयार होऊ लागली. विनोदकाराचे घर, अमेरिकेचे निरागस स्वप्न, इत्यादी.

ती वाक्ये बाजूला ठेवून आम्ही आजींना फोन केला. त्या आता नव्वदीला टेकल्या आहेत. ऐकू कमी येते, पण बोलणे तसेच. त्यांनीही बातमी पाहिली होती. छप्पर कशाचे होते, असे त्यांनी विचारले. आम्हाला सांगता आले नाही. मग हवापाणी, गुडघे, घोड्यांपैकी एक गेल्याची बातमी. पुतण्या अजून तिथेच राहतो आणि दर सप्टेंबरला पन्हळी साफ करतो, असे त्या म्हणाल्या.

"दोन्ही बाजूंच्या?" आम्ही विचारले.

"दोन्ही बाजूंच्या," आजी म्हणाल्या. "मी खाली उभी राहून मोजते."